राखाडी कुठल्या विभागात

९ मार्च

भाऊजी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नका, घरात सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. पत्रात निदान माझं वाक्य मला पूर्ण करता येतं.

बातमी चांगली आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जुन्या रेकॉर्डी नव्याने काढणारी एक छोटी कंपनी आहे, तिचं पत्र आलंय. तुमच्या दादांनी लग्नाआधी तीन मित्रांबरोबर जो एकुलता एक अल्बम काढला, ज्याला तुमच्या त्या रेकॉर्डींना तारे देणाऱ्या वेबसाइटवरचे रसिक कव्हरच्या रंगावरून 'राखाडी' म्हणतात, तो त्यांना हवाय. ते तुमच्या साइटचीच क्रमवारी बघतात. जूनअखेर प्रत्येक विभागात जे वरच्या दहांत असतील ते घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. राखाडी 'फोक', म्हणजे लोकगीतांच्या ढंगाच्या विभागात चौथा आहे, तेव्हा काळजी नाही. अल्बम घेतला की ते मूळ टेप साफ करणार आणि ह्यांना स्टुडिओत बसवून सगळं मिक्सिंग नव्याने करू देणार. कुठलं वाद्य पुढे, कुठलं मागे, सगळं ह्यांच्या मनासारखं. मी या घरात आल्यापासून ह्यांचं एवढं एकच मागणं ऐकतेय.

ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि बूट पॉलिश करायला बसले. स्वतःचे झाले, मग माझेही केले.

आता मुद्दा. राखाडीला 'फोक'मधून काढून 'सिम्फनिक', म्हणजे भव्य वाद्यमेळाच्या विभागात नेण्याचा ठराव मांडणार, असं तुम्ही मागच्या फोनवर म्हणालात. भाऊजी, जुलैपर्यंत काही करू नका. जुलैनंतर हवं तेवढं भांडा, मी चहा करून देईन.

दिवसभर लॅबमध्ये मेणात कवळ्यांचे दात बसवून मान आखडलीय, म्हणून इथेच थांबते.

तुमची वहिनी


१६ मार्च

वहिनी, नमस्कार.

खुशाली विचारत नाही, कारण तुम्ही 'ठीक आहे' याच्या पलीकडे कधी जात नाही.

बातमी वाचली आणि खुर्चीतून उठलो. पण उठून उभा राहिलो तोवर आनंद अर्धा झाला होता. फोक! दादाचा अल्बम दुकानात परत येणार आणि त्याच्या कपाळावर चिठ्ठी काय, तर फोक! कंपनी विभागाचं नाव कव्हरवर छापते, हे तुम्हाला माहीत आहे का? एकदा छापलं की ते दगडावर कोरल्यासारखं.

तुम्ही म्हणाल, नावाने काय होतं. वहिनी, सगळं नावानेच होतं. माणूस रेकॉर्ड ऐकायच्या आधी तिचा शिक्का ऐकतो. शिक्का 'सिम्फनिक' असला की पाठ ताठ करून बसतो, सात मिनिटं काही घडलं नाही तरी 'व्वा, काय संयम!' म्हणतो. शिक्का 'फोक' असला की उशीला टेकतो, आणि तीच सात मिनिटं त्याला 'गोड' वाटतात. गोड! राखाडीची पहिली बाजू म्हणजे एकच सलग रचना आहे. चार भाग. ऑर्गन भिंतीसारखा उभा राहतो, ताल सात मात्रांवरून पाचवर उडी मारतो, सुरुवातीची धून शेवटच्या भागात उलटी होऊन परत येते. आणि यांना ऐकू काय आलं? बासरी. बासरी दिसली की फोक, संपला यांचा विचार.

आमच्या साइटच्या सर्वकालीन पहिल्या पन्नासात बहुतेक जागा सिम्फनिकच्या आहेत. फोकवाल्यांना तिथे कोपराही मिळत नाही. हे उतरंडीचं राजकारण आहे, आणि उतरंडीविरुद्ध मी आयुष्यभर बोललोय. टेलिफोन एक्सचेंजच्या दारात उभा राहून बोललो, युनियनच्या सभागृहात घड्या घालायच्या खुर्च्यांसमोर बोललो. त्या सभागृहात आता व्यायामशाळा आहे. बोलायला मला हीच एक सभा उरलीय. पाच जणांचं वर्गीकरण मंडळ, सगळे म्हातारे, सगळे चिडके, सगळे टोपणनावांमागे लपलेले. तिथेही गप्प बसायचं?

योग्य विभागात गेला तर राखाडी चौथा काय, पहिला येईल. कंपनी धावत येईल.

आणि तुम्ही काळजी करता ती दादाची असेल तर सांगतो, रविवारी मी त्याच्याशी फोनवर अर्धा तास बोललो. मुद्देसूद सगळं मांडलं. तो प्रत्येक मुद्द्याला 'हो, हो' म्हणाला. ज्याचा अल्बम त्याची संमती आहे, मग अडतंय कुठे?

तुमचा भाऊजी


२३ मार्च

भाऊजी,

त्यांच्या 'हो, हो'वर विसंबू नका.

कारण विचारू नका. मी शब्द दिलाय. पण मी तुमच्याकडे इतक्या वर्षांत काही मागितलं असेल तर आठवून बघा, आणि नसेल तर हे एक समजा. जूनअखेर एकदा जाऊ द्या. कव्हरवर फोक छापा, भजी छापा, काहीही छापा. ह्यांना ते मिक्सिंग करायचंय, आणि लवकर करायचंय.

लॅबमध्ये दोघीजणी सुट्टीवर आहेत. नखांत प्लास्टर गेलंय, ते या कागदावर सांडतंय.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

जिंकलो! तीन विरुद्ध दोन.

तुमचं पत्र मिळालं होतं. खरं सांगतो, दोन दिवस थांबलो. मग मंडळातल्या एकाने, याचं टोपणनाव 'तबकडी', लिहिलं की राखाडी म्हणजे 'संध्याकाळी पाय लांब करून ऐकायची सुखद चीज'. सुखद चीज! माझ्या भावाच्या चार वर्षांच्या मेहनतीला! त्यानंतर मला थांबता येणं शक्य नव्हतं. तुम्हीच सांगा, येणं शक्य होतं का? नका सांगू.

सभा लेखी होती, पण मी उभा राहूनच टाइप केलं. मी लिहिलं, 'मित्रहो, तुम्ही या अल्बमला मागच्या खोलीत बसवलंत, कारण तो ओरडत नाही. जो ओरडत नाही तो लहान, हा कायदा तुम्हाला कुणी शिकवला? दिवाणखान्याचं दार उघडा. तो आत येऊ दे.' 'चष्मा' नावाचा सभासद कायम माझ्या विरोधात असतो, त्याने चक्क बाजूने मत दिलं. म्हणाला, पटलं नाही, पण तुमचं वाचून दम लागला.

आजपासून राखाडी सिम्फनिक विभागाच्या पहिल्या पानावर 'नवा प्रवेश' म्हणून झळकतोय. या विभागाचे सभासद हजारोंनी आहेत. आता ऐकतील!

दादाला सांगा. की मीच फोन करू?

भाऊजी


२४ मे

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. दादा फोन उचलत नाही. बाहेरगावी आहात का?

साइट बघत असाल तर घाबरू नका. राखाडी थोडा खाली गेलाय. नव्या विभागात सुरुवातीला असं होतं. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. काही प्रतिक्रिया मूर्खपणाच्या आहेत, मी एकेकाला उत्तर देतोय. काल दिवसभर तेच केलं. डोळे चुरचुरतायत.

होईल सगळं नीट.

भाऊजी


३ जुलै

भाऊजी,

बाहेरगावी नव्हतो. घरीच होतो. मला लिहायचं नव्हतं.

जून संपला. राखाडी तुमच्या सिम्फनिक विभागात कुठे आहे ते मी बघितलं. बघायला बरीच पानं मागे जावं लागलं. लोकांनी काय लिहिलंय तेही वाचलं, कारण मराठी माणूस असो की कुठलाही, वाईट लिहिलेलं वाचल्याशिवाय राहवत नाही. 'भव्यता कमी पडते.' 'एवढा गाजावाजा ऐकून आलो, तर नुसती कुजबुज.' 'चांगला आहे, पण सिम्फनिक म्हणून तीन तारे.' एकाने तर लिहिलंय की हाच अल्बम फोकमध्ये होता तेव्हा मी पाच दिले होते, आता बदलून तीन करतोय. रेकॉर्ड तीच. त्याचे कान तेच. तुम्ही म्हणालात ते अगदी खरं निघालं, माणूस आधी शिक्का ऐकतो. फक्त तुम्हाला वाटलं होतं तसं नाही.

फोकवाले त्याला ऐकायला यायचे ते बासरीसाठी, शांत जागांसाठी. त्यांना जे हवं ते मिळायचं. हे दुसरे लोक डोंगर बघायला आले आणि त्यांना अंगण दिसलं. अंगणाचा काय दोष?

कंपनीचं पत्र काल आलं. सभ्य आहे. 'यंदा शक्य नाही, पुढे जरूर विचार करू.'

आता शब्द मोडते. ह्यांचे कान चाललेत. छापखान्यात रोटरी यंत्राशेजारी इतकी वर्षं काढली, त्याचं हे. वरचे सूर आधी जातात असं कानाच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. चमचा खाली पडला तर कळत नाही. दारावरची बेल कळत नाही. कानात यंत्र घातलं की शिट्टी वाजते म्हणून काढून खिशात ठेवतात. फोनवर ह्यांना कुणाचाच शब्द लागत नाही, म्हणून बरं वाटेल तिथे 'हो, हो' म्हणतात. तुम्ही अर्धा तास मुद्देसूद मांडलं ना, तेव्हा हे फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होते, कधी संपेल म्हणून.

मला शपथ घातली होती, धाकट्याला सांगायचं नाही. तुम्ही सभा भरवाल म्हणून.

ह्यांना ऐकू येतंय तोवर हे काम करायचं होतं. एवढंच होतं.

मला राग आलाय का, ते मला ठरवता येत नाही. कामावरून आले की काही ठरवायची ताकद नसते.

वहिनी


१९ जुलै

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हीत भाषण होतं.

ठराव मागे घ्यावा म्हणून मी मंडळाकडे गेलो. मी, माझ्याच ठरावाविरुद्ध. लिहिलं की राखाडी फोकमध्येच शोभतो, बासरी हाच त्याचा जीव आहे, ऑर्गनचं मी वाढवून सांगितलं होतं. 'तबकडी'ने माझंच एप्रिलमधलं भाषण जसंच्या तसं चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'यावर काय म्हणणं आहे?' सगळे हसले. हसणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं ओळीने आली. 'चष्मा' तेवढा हसला नाही. त्याने खाजगीत विचारलं, 'काय झालंय?' मी सांगितलं नाही. कीव येऊन तो माझ्यासाठी खरंच मतदान करेल अशी भीती वाटली.

नियम असा आहे की एकदा विभाग बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. हा नियम मीच मांडला होता. लोकांनी उगाच हेलकावे देऊ नयेत म्हणून.

कंपनीलाही लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं की, भावाच्या तब्येतीबद्दल वाईट वाटलं, पण एकासाठी शिरस्ता मोडला तर प्रत्येकाचा कुणीतरी भाऊ असतो.

मी मंडळाचा राजीनामा दिला. यात काही थोर नाही. दमलो. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी बोललो त्यांना विचारलं होतं का, हे आता मोजायला बसलो तर झोप जाईल, म्हणून मोजत नाही.

दादाला कसं तोंड दाखवू ते सांगा. की न दाखवू?

भाऊजी


३० ऑगस्ट

धाकट्या,

तुझी सगळी पत्रं वाचली. तुझ्या वहिनीने ती लपवली नव्हती. कपाटावर अशी ठेवायची की मला दिसतील. मग मीही न दिसल्यासारखं करायचो.

तोंड जसं आहे तसं दाखव. मी रागावलेलो नाही. मागे एकदा तू शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या बाजूने भांडून माझा पहिला नंबर रद्द करवला होतास, तेव्हा जास्त रागावलो होतो. तेव्हा वय होतं.

आता कामाचं. तुझ्या वहिनीच्या लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ यायचे, आकाशवाणीतून निवृत्त झालेले ध्वनितंत्रज्ञ. त्यांची वरची कवळी काही केल्या बसत नव्हती. हिने ती पुन्हा पुन्हा घासून नीट बसवून दिली. बोलता बोलता माझ्या टेपचा विषय निघाला. ते स्वतः घरी आले, कपाटातून टेप घेऊन गेले, हलकी ऊब देऊन ओल घालवली आणि प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा करून संगणकावर उतरवून दिला. मिक्सिंगही त्यांच्याच घरच्या खोलीत करू द्यायला तयार आहेत. पुनर्प्रकाशन नाही, दुकान नाही. पण अल्बम माझ्या मनासारखा एकदा होईल. मला एवढंच हवं होतं. दुकानाचं तुम्ही सगळे मनावर घेऊन बसलात.

अडचण अशी की खालचं मला अजून ऐकू येतं. बेस, ड्रम, ऑर्गनचा डावा हात. वरचं गेलं. बासरी म्हणजे पडद्यावर हलणारी रेघ.

पहिल्या बाजूच्या तिसऱ्या भागात, बासरीच्या मागे, एक आवाज होता. शेवटच्या ट्रॅकवर आहे तो. तेव्हाच्या निर्मात्याने तो दाबला. म्हणाला, याने रेकॉर्ड फोक वाटेल, आणि फोकला दुकानात मागचं कपाट मिळतं. आम्ही पोरसवदा, मान डोलावली. मिक्समध्ये तो इतका खाली गेला की आहे हे माहीत असलेल्यालाच लागावा. मला लागायचा. म्हणून मला ते मिक्सिंग पुन्हा करायचं होतं. बाकी सगळं ठीकच आहे त्यात.

परवा तो ट्रॅक एकटाच लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर रेघ हलते, पण ती टेपची खरखरही असू शकते. माझा कान गेलाय की टेपवरून तो आवाजच पुसला गेलाय, हे मला सांगता येत नाही. तंत्रज्ञांना विचारायचं तर काय शोधायचं ते सांगावं लागेल. तुझ्या वहिनीला मी विचारणार नाही. का, ते ऐकल्यावर तुला कळेल.

म्हणून तू. सोबत छोटी डिस्क पाठवतोय. ऐक आणि लिही. विशेषणं नकोत. कुठल्या विभागात बसतं ते तर नकोच. आहे की नाही, आणि असला तर कसा आहे, एवढंच.

दादा


८ सप्टेंबर

दादा,

आहे.

हे आधी लिहून टाकलं, कारण माझी पत्रं मुद्द्यावर यायला वेळ लावतात आणि तू वाट बघत असशील.

पहिल्यांदा ऐकून दोन पानं लिहिली. वाचून पाहिली तर त्यात 'उदात्त' होतं, 'करुण' होतं आणि इतर तीन अल्बमांशी तुलना होती. फाडली. पुन्हा हेडफोन लावले. आता जे ऐकू आलं ते तसंच लिहितो.

सुरुवातीला टेपची सळसळ. मग खुर्ची सरकते. कुणीतरी मायक्रोफोनच्या अगदी जवळ श्वास घेतं. मग आवाज. बाईचा आहे, तरुण. शब्द नाहीत. नुसता 'आ', आणि मधे ओठ मिटून. बासरी जी धून वाजवते तीच, पण किंचित मागून, म्हणजे बासरी गेली की त्याच वाटेने आवाज येतो. बासरी वर चढते तिथे तो शेवटच्या सुरापर्यंत जात नाही. एक पायरी आधी थांबतो आणि बासरी खाली येईपर्यंत तिथेच राहतो. दुसऱ्यांदा मात्र जातो. वर पोचल्यावर जरा फाटतो. फाटल्यावर ती हसते. हसण्याचा आवाज नाही, श्वास तेवढा हलतो, आणि ती गात राहते.

ट्रॅक संपल्यावर लांबून तू विचारतोस, 'झालं?' आणि ती म्हणते, 'नाही, पुन्हा घेऊ या.'

तिथे मला कळलं. तोवर नव्हतं कळलं. वहिनींना मी इतक्या वर्षांत फोनवर बोलू किती दिलं, देव जाणे, पण तेवढ्या चार शब्दांवरून ओळखलं.

या अल्बमवर मी जितकं लिहिलंय तितकं जगात कुणी लिहिलं नसेल. त्यात गाणाऱ्या माणसाचा उल्लेख एकदाही नाही. मी कायम ऑर्गनबद्दल बोलत होतो.

टेप पुसलेली नाही. खरखर आहे, पण ती वेगळी कळते. आवाज स्वच्छ आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. खात्री करायला पुन्हा ऐकलं, मग मात्र खात्रीसाठी नाही, नुसतंच ऐकलं.

शनिवारी येतोय. मिक्सिंगला तू बस, मी शेजारी बसेन. वरचं काय होतंय ते हाताने खूण करून सांगेन, बोलणार नाही. दुसऱ्यांदा ती वरच्या सुरावर पोचते तिथे बासरी मागे घ्यावी असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

वहिनींना मी यातलं काही लिहिलेलं नाही. त्यांचा आवाज टेपवर अजून आहे हे तूच सांग. आणि तो किती वर घ्यायचा, हे ठरवायच्या आधी त्यांना विचार.

धाकटा